आईने पाठ करून घेतलेले बायबल

१८३९ च्या जून महिन्यातील गोष्ट. ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन सभागृहात विद्यापीठाचा वार्षिक समारंभ भरला होता. कविवर्य वर्ड्सवर्थ यांना सन्माननीय पदवी बहाल करण्यात आली आणि वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आपली पारितोषिकप्राप्त कविता वाचून दाखवली. न्यूडिगेट पारितोषिकासाठी त्या वर्षी नेमून दिलेला विषय होता ‘साष्टी आणि घारापुरी’. या विद्यार्थ्याने मुंबईचे बंदर पाहिलेले नव्हते आणि पुढील आयुष्यातही तो कधी हिंदुस्थानात आला नाही. मात्र लेण्यांतील देवांचा अंमल सरून तेथे ख्रिस्ताचा प्रकाश पसरेल, असे भाकीत त्याने बिनदिक्कत करून टाकले. सलग तिसऱ्या प्रयत्नात त्याला हे पारितोषिक मिळाले होते. कविता म्हणून ती रचना आज फारसे कोणी वाचत नाही. पण ती लिहिणाऱ्या तरुणाच्या कानात कोणता ग्रंथ अहोरात्र घुमत होता, हे तिच्यावरून सहज कळते.

हा विद्यार्थी म्हणजे जॉन रस्किन. मराठी वाचकाला हे नाव परिचित आहे ते प्रामुख्याने गांधीजींमुळे. ‘अन्टू धिस लास्ट’ या त्यांच्या छोटेखानी पुस्तकाने गांधीजींच्या आयुष्याला वळण दिले, हे आपण शाळेत शिकलेले असतो. इंग्रजी वाचक त्यांना टर्नरच्या चित्रांचा कैवारी आणि व्हेनिसच्या वास्तुशिल्पाचा भाष्यकार म्हणून ओळखतो. कलासमीक्षक ते अर्थशास्त्राचा टीकाकार हा प्रवास अनेकांना कोड्यात टाकतो. मधल्या काळात या माणसाची बालपणीची श्रद्धाही ढासळली होती. मग या साऱ्या उलथापालथीत टिकून राहिले ते काय? त्याचे उत्तर लंडनच्या हर्न हिल भागातील एका घरात, सकाळच्या न्याहारीनंतरच्या तासात सापडते.

रस्किन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८१९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जॉन जेम्स हे शेरी या मद्याचे बडे व्यापारी. आई मार्गारेट ही क्रॉयडनच्या एका खाणावळवाल्याची मुलगी, कडव्या प्रॉटेस्टंट निष्ठेची. बायबलमधील हन्नाने आपला पुत्र शमुवेल जसा देवाच्या सेवेला वाहिला, तसा मार्गारेट यांनी आपला होणारा मुलगा जन्मापूर्वीच देवाला वाहून टाकला होता. त्याचा व्यवहारातील अर्थ इतकाच, की मुलाने धर्मोपदेशक व्हावे आणि जमल्यास बिशपच्या पदापर्यंत जावे. मुलानेही फार लहानपणी सोफ्याच्या उशीलाच व्यासपीठ करून एक प्रवचन दिले होते. लोकांनी चांगले वागावे, एवढाच त्याचा आशय होता. रस्किन यांनी पुढे छापलेल्या हजारो पानांतून जे सांगितले त्याचाही गाभा याहून फार वेगळा नव्हता, असे म्हटले तर ते चेष्टेवारी नेऊ नये.

घरातील शिस्त कडक होती. खेळणी जवळजवळ नव्हतीच. मावशीने आणलेली रंगीत बाहुल्यांची जोडी आईने काढून घेतली आणि मुलाच्या हाती राहिला तो किल्ल्यांचा जुडगा, पुढे एक छोटी गाडी, चेंडू आणि लाकडी विटा. रडले, सांगितलेले ऐकले नाही किंवा जिन्यावरून पडले, तरी मार ठरलेला. घरामागे मोठी फळबाग होती. पण एदेन बागेत निदान एकाच झाडाचे फळ वर्ज्य होते, येथे मात्र सगळीच फळे वर्ज्य, असा मिस्कील शेरा रस्किन यांनी म्हातारपणी मारला आहे.

आणि रोज सकाळी बायबल. मुलाला नीट वाचता येऊ लागताच आईने हा नेम सुरू केला आणि १८३७ मध्ये तो ऑक्सफर्डला जाईपर्यंत तो चालवला. न्याहारी झाली की दोघे समोरासमोर बसत. एक वचन आईने वाचायचे, पुढचे मुलाने. दिवसाला दोन ते तीन अध्याय. ‘उत्पत्ती’पासून ‘प्रकटीकरणा’पर्यंत सरळ जायचे, वंशावळी, उच्चारताना जीभ वळणार नाही अशी नावे, लहान मुलापुढे वाचावे की नाही असा प्रश्न पडावा असे प्रसंग, काहीही वगळायचे नाही. ६६ पुस्तके आणि ११८९ अध्यायांचा हा पसारा वर्षाकाठी साधारण एकदा पुरा होई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय उघडला जाई. या वेळात नोकरांनी आत यायचे नाही. पाहुणे असतील तर त्यांनी वाचनाला बसावे, नाहीतर वरच्या मजल्यावर थांबावे. प्रत्यक्ष प्रवासाचे दिवस तेवढे सुटीचे.

वाचनानंतर पाठांतर. रोज काही नवी वचने तोंडपाठ करायची किंवा आधी केलेली विसरली तर नाहीत ना, याची उजळणी द्यायची. शिवाय बायबलमधील उताऱ्यांची स्कॉटिश चर्चने करून घेतलेली पद्यरूपांतरेही पाठ करायची. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा आणि रामरक्षा म्हणत वाढलेल्या पिढीला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. पण येथे एक फरक होता आणि तो महत्त्वाचा आहे. मार्गारेट यांना नुसती घोकंपट्टी चालत नसे. प्रत्येक वचनातील स्वराघाताकडे त्यांचे लक्ष असे. वाक्य मुलाच्या समजेपलीकडचे असेल तर त्याची त्यांना फिकीर नव्हती; मात्र जे थोडेफार समजेल ते योग्य टोकानेच धरले गेले पाहिजे, यावर त्या अडून बसत. चुकीच्या शब्दावर जोर पडला, की त्यांच्या लेखी अर्थ चुकला.

एकदा तर तीन आठवडे हा झगडा चालला. एका पद्य-ओळीतील दोन नामांना जोडणाऱ्या किरकोळ अव्ययावर मुलगा आघात देई आणि आईला तो आधीच्या नामावर हवा असे. मुलगा हट्टाला पेटला, आई त्याहून हट्टी. रोज तीच ओळ, रोज तीच दुरुस्ती. अखेर मुलगा नमला. शब्दाशब्दाचे वजन तोलून पाहण्याची जी सवय पुढे रस्किन यांच्या गद्याची ओळख ठरली, तिची मुळे या तीन आठवड्यांत शोधावीत असा मोह होतो.

ख्रिस्ती परंपरेत शास्त्रपाठाची ही साधना जुनी आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीनुसार मठवासी आठवड्याभरात सर्व १५० स्तोत्रे गात; त्यामुळे ती पाठ होणे ओघानेच आले. प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर धर्मग्रंथ लोकभाषेत घरोघर पोहोचला आणि पाठांतर मठातून स्वयंपाकघरात आले. देवाचे वचन अंतःकरणात साठवलेले असले, की संकटात ग्रंथ हाताशी नसला तरी आधार मिळतो, ही त्यामागची धारणा. ११९ वे स्तोत्र हा या साधनेतील कसोटीचा पाठ मानला जाई. त्यात १७६ वचने आहेत. मूळ हिब्रूमध्ये त्याची आठ-आठ वचनांची २२ कडवी वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत. एका कडव्यातील प्रत्येक वचन एकाच अक्षराने सुरू होते. म्हणजे पाठांतराची सोय रचनेतच आहे. भाषांतरात ती सोय नाहीशी होते आणि उरतो तो केवळ लांबलचक, एकसुरी वाटणारा पाठ. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्यम विल्बरफोर्स यांना हे स्तोत्र मुखोद्गत होते आणि चालता चालता ते म्हणण्यात त्यांना मोठे समाधान वाटे. छोट्या जॉनला मात्र आईने नेमून दिलेल्या सर्व पाठांत हेच सर्वांत नकोसे वाटले. पुढे तेच त्याला सर्वांत मोलाचे वाटू लागले.

आईने पाठ करून घेतलेल्या अध्यायांची यादी रस्किन यांनी ‘प्रेटेरिटा’ या आत्मचरित्रात दिली आहे. ‘निर्गम’मधील दहा आज्ञांचा अध्याय, मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोनाने केलेली दीर्घ प्रार्थना, २३ वे, ९० वे, ९१ वे आणि आणखी काही स्तोत्रे, ‘नीतिसूत्रे’मधील चार अध्याय, उपास करण्यापेक्षा भुकेल्याला भाकरी द्या असे बजावणारा यशया संदेष्ट्याचा ५८ वा अध्याय, मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन संपूर्ण, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील प्रीतीचा अध्याय, असा तो ऐवज आहे. यादी आईच्या हस्ताक्षरात होती आणि जुन्या बायबलच्या पानांतून ती अवचित गळून पडली, असे ते सांगतात. ते बायबल १८१६ साली एडिंबरोत छापलेले, छोट्या आकाराचे. वापराने ते पिवळे आणि लवचिक झाले होते, पण मळले नव्हते. फक्त दोन ठिकाणी पानांचे खालचे कोपरे झिजून काळवंडले होते : एक शलमोनाच्या त्या प्रार्थनेपाशी आणि दुसरे मोशेच्या गीतापाशी. हे दोन अध्याय पाठ करताना मुलाला बरेच कष्ट पडले होते.

या बालपणाची किंमतही रस्किन यांनी चुकवली आणि ती लपवली नाही. प्रेम करावे असे कोणी भोवती नव्हते, सोसावे असे काही वाट्याला आले नाही, चारचौघांत वागण्याचे वळण लागले नाही आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याची संधी मिळाली नाही, अशी तक्रार त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. मुलगा ऑक्सफर्डला गेला तेव्हा आई त्याच शहरात बिऱ्हाड करून राहिली, यावरून त्या तक्रारीत किती तथ्य होते ते दिसते. १८४८ मध्ये एफी ग्रे हिच्याशी झालेला विवाह सहा वर्षांनी रद्दबातल ठरला. त्यावर इतके लिहिले गेले आहे, की येथे अधिक सांगण्याची गरज नाही.

लेखणीला मात्र यश लवकर आले. ‘मॉडर्न पेंटर्स’चा पहिला खंड १८४३ मध्ये निघाला; त्यावर लेखकाचे नाव नव्हते, ऑक्सफर्डचा एक पदवीधर एवढाच उल्लेख होता. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ १८५१ ते १८५३ या काळात आले. या ग्रंथांतील प्रदीर्घ, लाटेसारखी चढत जाऊन शांतपणे किनाऱ्याला टेकणारी वाक्ये १६११ च्या इंग्रजी बायबलच्या लयीवर पोसलेली आहेत. पण त्याच सुमारास आतून पडझडही सुरू झाली होती. भूगर्भशास्त्र हा रस्किन यांच्या आवडीचा विषय. पृथ्वीचे वय आणि खडकांचे थर यांविषयीची नवी माहिती ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायाशी जुळेना. १८५१ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले, की बायबलच्या प्रत्येक वचनाच्या शेवटी आपल्याला भूगर्भशास्त्रज्ञांच्या हातोड्यांचा आवाज ऐकू येतो. ज्याला ती वचने पाठ होती त्यालाच हे ऐकू येणार! ग्रंथ मिटून ठेवता येतो, मुखोद्गत झालेला पाठ मिटता येत नाही.

१८५८ च्या उन्हाळ्यात इटलीतील तुरीन येथे या ताणाचा शेवट झाला. तेथील वाल्डेन्शियन पंथाच्या प्रार्थनामंदिरात रस्किन एका रविवारी गेले. हा पंथ मध्ययुगापासून छळ सोसत आलेला आणि गंमत अशी, की त्याचे साधेसुधे अनुयायीही बायबलचे भाग लोकभाषेत तोंडपाठ करण्याबद्दल प्रसिद्ध होते. मोजक्या श्रोत्यांपुढे उपदेशक सांगत होता, की देवाची कृपा आपल्यासारख्या निवडकांवरच आहे, बाहेरचे सारे जग नाशाच्या वाटेवर आहे. त्याच शहराच्या चित्रसंग्रहालयात व्हेरोनेझ या चित्रकाराचे, शलमोन आणि शबाची राणी यांच्या भेटीचे वैभवशाली चित्र होते. इतके सामर्थ्य आणि सौंदर्य सैतानाच्या सेवेत असू शकते काय, हा प्रश्न रस्किन यांना पडला. या प्रसंगाच्या दोन हकिगती त्यांनी वेगवेगळ्या काळी लिहिल्या आणि त्यांत आधी चित्र की आधी प्रवचन, याचा मेळ बसत नाही. निष्कर्ष एकच : लहानपणी शिकवलेला संकुचित पंथाभिमान त्यांनी तेथे टाकून दिला.

आईला वाहायचा होता तो पुत्र आता चर्चच्या हातून निसटला होता. एखाद्याला वाटेल, की पाठांतराची ती सारी वर्षे पाण्यात गेली. झाले ते याच्या नेमके उलट.

दोनच वर्षांनी, १८६० च्या ऑगस्टपासून, थॅकरे यांच्या संपादकत्वाखालील ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये रस्किन यांचे चार निबंध क्रमाने प्रसिद्ध झाले. माणूस म्हणजे स्वार्थाने चालणारे यंत्र, असे गृहीत धरणाऱ्या तत्कालीन अर्थशास्त्रावर त्यांनी हल्ला चढवला. मजुरी बाजारभावावर सोडू नये, ती न्यायाने ठरावी. आणि देशाची श्रीमंती तेथील माणसे किती सुखी व सज्जन आहेत यावरून मोजावी, अशी त्यांची मांडणी होती. लेखमालेचे नाव त्यांनी घेतले ते मत्तयच्या २० व्या अध्यायातून. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे कामाला लागलेल्या मजुराला जितके देतो तितकेच दिवस मावळता मावळता आलेल्या शेवटच्या मजुरालाही देतो, हा तो दृष्टान्त.

तिसऱ्या निबंधाची सुरुवात तर फर्मासच आहे. ख्रिस्तपूर्व काळातील एका ज्यू व्यापाऱ्याची ओळख रस्किन करून देतात. सोन्याच्या व्यापारात त्याने अमाप पैसा कमावला आणि आपल्या खतावण्यांत काही व्यावहारिक सूत्रे लिहून ठेवली. हल्ली व्यापारीवर्गात त्यांना फारशी किंमत उरलेली नाही, असे ते गंभीर चेहऱ्याने सांगतात. हा व्यापारी म्हणजे राजा शलमोन आणि ती सूत्रे म्हणजे बायबलमधील ‘नीतिसूत्रे’! गरिबाला लुबाडून धन वाढवणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे त्यात स्पष्ट बजावलेले आहे. दर रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या आणि सोमवारपासून मजुरांचे वेतन कापणाऱ्या इंग्रज गिरणीमालकाला त्याच्याच ग्रंथाने दिलेली ही चपराक होती. बाहेरच्या टीकाकाराला ती इतक्या नेमकेपणाने देता आली नसती. त्यासाठी ग्रंथ आतून ठाऊक असावा लागतो.

गहजब झाला. वाचकांच्या रोषामुळे थॅकरे यांनी चौथ्या निबंधानंतर मालिका थांबवली. १८६२ मध्ये पुस्तक निघाले, पण हजार प्रतींची ती आवृत्ती दहा वर्षांतही संपली नाही.

१८६४ मध्ये वडील वारले आणि सव्वा लाख पौंडांच्या आसपास रोकड व इतर मालमत्ता मुलाच्या हाती आली. डोंगरावरील प्रवचन पाठ असलेल्या माणसाने या पैशाचे काय करावे? रस्किन यांनी तो हयातीतच बहुतांशी वाटून टाकला : नातेवाइकांना, संग्रहालयांना, चित्रकलेच्या शिक्षणाला आणि आदर्श ग्रामजीवनासाठी स्थापन केलेल्या ‘गिल्ड ऑफ सेंट जॉर्ज’ या संस्थेला. १८७१ पासून कामकरी वर्गाला उद्देशून ‘फॉर्स क्लॅव्हिगेरा’ ही पत्रमाला त्यांनी सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नव्वदीतील आईने डोळे मिटले. मुलगा बिशप झाला नाही याची हळहळ आईवडिलांना अखेरपर्यंत राहिली असावी. वडील तर तसे डोळ्यांत पाणी आणून बोलून दाखवत.

श्रद्धा पूर्णपणे गेली होती असेही नाही. १८७४ मध्ये असिसी येथे संत फ्रान्सिस यांच्या मंदिरातील भित्तिचित्रांचा अभ्यास करताना रस्किन पुन्हा ख्रिस्ताकडे वळले. पण आता कोणत्याही पंथाच्या कुंपणाबाहेर राहून. रोझ ला टूश या तरुणीवरील त्यांचे निष्फळ प्रेम, त्यात धर्ममतांच्या भिन्नतेने आलेली कटुता आणि १८७५ मध्ये तिचा झालेला अकाली मृत्यू यांनी त्यांचे मन पोखरले. १८७८ मध्ये भ्रमाचा पहिला झटका आला, पुढे ते येतच राहिले. दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात, १८८५ ते १८८९ दरम्यान, कोनिस्टन सरोवराकाठच्या ब्रँटवूड या घरी त्यांनी ‘प्रेटेरिटा’ लिहिले. लॅटिन आणि ग्रीक शिकलेल्या, ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापकी केलेल्या या विद्वानाने आपल्या शिक्षणातील सर्वांत आवश्यक भाग म्हणून निर्देश केला तो आईने पाठ करून घेतलेल्या त्या अध्यायांचा. आईच्या शिस्तीवर तक्रारी नोंदवणारा आणि तिचे हे ऋण मान्य करणारा माणूस एकच आहे, आणि त्याने दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात लिहिल्या आहेत.

१८८९ नंतर लेखणी थांबली. अखेरची दहा वर्षे ते जवळजवळ मौनातच होते. २० जानेवारी १९०० रोजी इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनाचा मान देऊ करण्यात आला होता, परंतु त्यांच्याच इच्छेनुसार कोनिस्टनच्या गावातील चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली.

सहा वर्षांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मजूर पक्षाचे सभासद प्रथमच लक्षणीय संख्येने निवडून आले. तुमची जडणघडण कोणत्या पुस्तकांनी केली, असे पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांनी त्यांना विचारले, तेव्हा उत्तरांत रस्किन आणि बायबल ही दोन्ही नावे पुन्हा पुन्हा आली. तोवर ‘अन्टू धिस लास्ट’ दक्षिण आफ्रिकेतही पोहोचले होते. १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या स्थानकावर हेन्री पोलाक यांनी प्रवासात वाचण्यासाठी म्हणून ते गांधीजींच्या हाती ठेवले. दर्बानपर्यंतच्या चोवीस तासांच्या प्रवासात गांधीजींना ते खाली ठेवता आले नाही आणि त्या रात्री झोपही लागली नाही. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हा त्यांनी त्यातून घेतलेला धडा. काही महिन्यांतच दर्बानजवळ फिनिक्स आश्रम उभा राहिला.

१९०८ मध्ये गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मधून पुस्तकाचा गुजराती गोषवारा क्रमशः प्रसिद्ध केला. नाव ठरवताना त्यांनी द्राक्षमळ्यातील त्या शेवटच्या मजुराचे शब्दशः भाषांतर केले नाही. तसे केले असते तर ‘अंत्योदय’ हा शब्द अधिक जवळचा ठरला असता. त्यांनी निवडलेला शब्द होता ‘सर्वोदय’. मार्च १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर दोन महिन्यांच्या आतच, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला त्यांचे सहकारी जमले आणि त्यांनी विनोबांच्या सूचनेला मान देऊन ‘सर्वोदय समाज’ स्थापन केला, तेव्हा त्यांनी वापरला तो हाच शब्द.